ऐनाच्या खुंटावरची शाल

प्रिय आईले,
राजदीपचा सप्रेम जयभीम.

मी इथी बरा आहो. ताप उतरला, काळजी करू नोको. तुझा गुडघा कसा आहे? आपल्या धानाची रोवणी आटोपली काय?

शाळेत आदिवासी दिन झाला. मांडव माझ्याकडे होता. मधल्या मोठ्या खांबासाठी मी गावाकाठचं ऐनाचं झाड तोडून आणलं. सरळ दिसलं, एवढंच. त्या झाडात गोंडायचा देव राह्यते, हे मले मालूम नव्हतं. इथी चार वर्षं शिकवून राह्यलो, पण कोणाले विचारलंच नाई.

सत्कार होता गावचे पुजारी मानूबाबा हलामी यायचा. त्यायनं खांबावर हात फिरवला अन् जागेवर जाऊन बसले. शाल भेटली, पोरायनं टाळ्या वाजवल्या. मंग मानूबाबा उठून उरलेल्या खुंटाकडे गेले अन् मयतावर पांघरावी तशी शाल त्याच्यावर पांघरली.

मी माफी मागाले गेलो. म्हणलं, नवीन झाड लावून देतो.

ते म्हणाले, "गुरुजी, माह्या आज्यानंबी ते मोठंच पाह्यलं होतं."

तवापासून गावातलं एकही लेकरू शाळेत आलं नाई. मी रोज घंटा वाजवून राह्यलो.

घरी आपल्या बाबाले हे वाचून दाखवू नोको. त्यायनं विचारलं तर शाळा मस्त चालू आहे म्हण.

तुझाच,
राजदीप