एया म्हणजे ती

३ मार्च, मंगळवार

एया म्हणजे ती. आणि ती म्हणजे मी!

पाच दिवस तो आवाज डोक्यात घोळवत होते — एया ले दिओ दे कोमेर. विसरू नये म्हणून पिंजरे धुताना पुटपुटत होते. आज लेकीला म्हटलं, हे तुझ्या फोनला विचार. तिने मला तीनदा बोलायला लावलं. मग पडद्यावर आलं : "तिने त्याला खायला दिलं."

म्हणजे मला वाटलं तेच. डॉक्टरीणबाईंनी टोपीवाल्या आजोबांना त्यांच्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की त्यांच्या कुत्र्याला, कानेलोला, मी खायला घातलं. ऑपरेशनच्या आधी. माझ्याकडे हात करून!

थेंबभर पाणीसुद्धा दिलं नव्हतं मी. गुरुवारी सकाळी नऊला आजोबा त्याला सोडून गेले. मी स्वतः पिंजऱ्यावर पाटी लावली — 'उपाशी ठेवणे'. दातांचं साधं काम. भूल दिली, अर्ध्यातच उलटी झाली, ती श्वासनळीत गेली आणि खेळ खलास. बारा वर्षांचा, पिवळा, ढोल्या, गरीब कुत्रा. मी डोकं धरलं होतं. माझ्या हातातच गेला.

आजोबा ओरडले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अकरा वर्षं या दवाखान्यात कुत्री धरली, मांजरं धरली, चावे खाल्ले, ओरबाडे खाल्ले. त्याचं हे बक्षीस. सोडणार नाही मी बाईंना.

४ मार्च, बुधवार

तोंडावर विचारलं. बाई हातमोजे काढत होत्या. वरही बघितलं नाही.

"काही दिवस मागच्या बाजूला काम कर. आजोबा आले की समोर येऊ नकोस."

"पण मी खायला दिलं नव्हतं!"

"माहीत आहे."

"मग?"

"तुला नोकरीवरून काढलंय का मी? मग झालं तर."

माहीत आहे म्हणे! माहीत असून माझं नाव पुढे केलं. तळपायाची आग मस्तकात गेली. बादली आपटून मागे निघून आले.

६ मार्च, शुक्रवार

ठरलं. स्पॅनिश शिकायची.

आजोबांना इथे येऊन सहा वर्षं झाली, पण 'नमस्कार' आणि 'किती?' याच्यापुढे आपली भाषा काही त्यांना आली नाही. आणि दवाखान्यात त्यांची भाषा फक्त बाईंना येते. कधी काळी तिकडे शिकायला होत्या ना! म्हणजे मी काहीही म्हटलं तरी ते बाईंच्याच तोंडून जाणार. कशाला सांगतील त्या?

लेक म्हणाली, "अगं आई, मी फोनवर लिहून देते, तू नुसतं दाखव." नाही! फोन दाखवला तर बाई म्हणतील, यंत्र चुकलं. माझ्या तोंडून सांगायचंय. त्यांच्या डोळ्यांत बघून. आजोबा तक्रार करतील, वर चौकशी होईल, दारावरची बाईंची पाटी उतरेल. ती उतरवायला शिडी मी धरीन.

लेकीने फोनवर धडे लावून दिले. 'नवशिक्यांसाठी — माझा पाळीव प्राणी'. मला तेवढंच हवंय. राजकारणावर थोडंच बोलायचंय मला!

९ मार्च, सोमवार

पेर्रो म्हणजे कुत्रा. पेरो म्हणजे परंतु. फरक नुसता जीभ थरथरवण्याचा. माझी थरथरत नाही. तासभर "माझा परंतु आजारी आहे, माझा परंतु आजारी आहे" असं चाललं होतं. लेक पोट धरून हसत होती. नवरा पेपरातून म्हणाला, "आधी माझ्याशी मराठीत नीट बोल, मग परदेशात जा."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हसले असते.

१० मार्च

जीभ थरथरली! आंघोळ करताना. पेर्रो पेर्रो पेर्रो.

१३ मार्च, शुक्रवार

काल बेकरीवाल्या बाईंच्या कुत्र्याला अंघोळ घालताना म्हटलं, "सिएंताते!" बसला की हो तो! माझा आवाज ऐकून बसला असेल, भाषा कळून नव्हे. पण बसला.

आज आजोबा आले होते. आता त्यांच्याकडे एक लूना तेवढी राहिली आहे — म्हातारी मांजर, मूत्रपिंडं गेलेली. दर दुसऱ्या शुक्रवारी तिला कातडीखाली सलाईन द्यायला आणतात. मी आतल्या दारामागे फडकं घेऊन उभी. चार शब्द कळले! गाता, आग्वा, पोको, नो कोमे. मांजर, पाणी, थोडं, खात नाही. मग बाई बोलल्या. आवाज कसा, मधात बुडवलेला. कानेलोचं नाव आलं तसा आणखीच मऊ झाला. किती गोड बोलता येतं हो तुम्हाला बाई!

आजोबा जाताना दाराकडे बघून थांबले. मी आहे हे कळलं असावं. मग गेले.

१७ मार्च, मंगळवार

सापडलं!!

आज टेबल पुसताना तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आला. उलटी मीच पुसली होती. रडत होते म्हणून तेव्हा लक्ष दिलं नाही. पण त्यात पांढरं पांढरं होतं — उकडलेलं चिकन, धागे सुटलेलं. आणि गाजराचे तुकडे. आपल्याकडे तर फक्त कोरडं खाणं, गोळ्या-गोळ्यांचं, पोत्यातलं. मग चिकन आलं कुठून?

बाईंच्या डब्यातून! दुसरं कुठून? रोज चिकन असतं त्यांच्या डब्यात, आणि लाडक्या जनावरांना हळूच तुकडा टाकायची खोड सगळ्यांना ठाऊक आहे. कानेलो तर भारी लाडका. स्वतः खायला घातलं, स्वतः भूल दिली, आणि पाप माझ्या गळ्यात बांधलं.

चिकन म्हणजे पोयो. गाजर म्हणजे सानाओरिया — जिभेला गाठ बसली. बसू दे. हा शब्द मी झोपेत विचारला तरी सांगीन.

१८ मार्च

बाईंच्या आवडत्या कपात आज मांजरांच्या जंताच्या गोळ्या भिजवल्या. नंतर कप धुतला. एकदाच.

२२ मार्च, रविवार

भाषण पाठ. आरशासमोर वीस वेळा. यो नो दी कोमीदा आ कानेलो — मी कानेलोला खायला दिलं नाही. ला दोक्तोरा मिएंते — डॉक्टर खोटं बोलते.

'मिएंते' म्हणताना दात कसे छान दिसतात. लेक म्हणाली, "आई, तुझी भीती वाटते गं." म्हटलं, बरोबर माणसाला वाटू दे.

ती आणखी म्हणाली, "आजोबांना बिचाऱ्यांना परत सगळं आठवायला लावणार तू." मला काय रोज आठवत नाही?

२७ मार्च, शुक्रवार

सांगितलं! सांगितलं! सांगितलं!

बाई आत शस्त्रक्रियेत होत्या, किमान अर्धा तास बाहेर येणार नव्हत्या. आजोबा बाकावर, मांडीवर लूनाची टोपली. मी अॅप्रन काढला, केस नीट केले आणि सरळ समोर जाऊन उभी राहिले. "बुएनोस दीयास, सेन्योर." ते दचकलेच. टोपी काढून बाजूला ठेवली. तोंड उघडलं तसं सगळं धाडधाड बाहेर आलं.

"यो नो दी कोमीदा आ कानेलो. ला दोक्तोरा मिएंते."

ते हळूच म्हणाले, "किएन?" — कोणी?

त्यासाठीच तर बसले होते मी! टेबलाकडे बोट केलं, तोंडाजवळ हात नेऊन उलटीची खूण केली. "पोयो. पोयो ई सानाओरिया. दे ला दोक्तोरा!"

"पोयो ई सानाओरिया?"

"सी! सी!"

चेहऱ्यावरचा रंग उतरला हो त्यांच्या. लूनाला सलाईनही न देता टोपली उचलली आणि निघाले. टोपी बाकावरच राहिली. मी हाक मारली, वळले नाहीत.

बाण बरोबर लागला. एवढा संताप आला म्हणजे आता थांबणार नाहीत ते.

बाई बाहेर आल्या, विचारलं, "आजोबा कुठे गेले?" मी म्हटलं, "मला काय माहीत? मी तर मागच्या बाजूला असते." अहाहा!

घरी जाताना सगळ्यांसाठी आइस्क्रीम नेलं. नवऱ्याने विचारलं, कसलं? म्हटलं, खा गुमान.

२८ मार्च, शनिवार

दवाखाना उघडायच्या आधीच आजोबा दारात. डोकं उघडं, डोळे सुजलेले. मी फरशी पुसत होते. ते माझ्याशी एक एक शब्द तोडून बोलले, लहान मुलाशी बोलावं तसं, मला कळावं म्हणून. स्वतःच्या छातीवर हात ठेवून. "यो. यो दी पोयो." मग डोळ्यापासून गालापर्यंत बोट ओढलं. "कानेलो योराबा." मी दिलं चिकन. सकाळी. घरी. तो रडत होता.

मागे बघितलं तर बाई उभ्या. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली — नको. तेव्हा कळलं खोटं कोणासाठी होतं ते.

मी फडकं टाकलं. म्हटलं, "नो, नो. नो पोयो. पालाब्रा माला." चिकन नव्हतंच, शब्द चुकला माझा. "यो नो आब्लो एस्पान्योल, सेन्योर." मला स्पॅनिश येतच नाही हो.

काल जपून ठेवलेली टोपी मी पुढे केली, ती त्यांनी घेतली. माझा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "ऊस्तेद आब्ला मुय बिएन, सेन्योरा."

सगळं कळलं मला. तुम्ही फार छान बोलता, बाई.