शेफालीचे पेढे

हिंजवडी, पुणे
८ जून २००३

ती. आईस नमस्कार.

मी मजेत आहे. मेसच्या गोड वरणाचीही सवय झाली. तुझा गुडघा कसा आहे?

काल माझ्या खोलीतल्या शेफालीने पेढे वाटले. कंपनी तिला जर्मनीला पाठवते आहे. प्रोग्रॅम मी तिच्याहून चांगले लिहिते, आई. पण संगणकाच्या पदवीवर तिने जर्मन भाषेचीही पदवी घेतली आहे. "तू दोन घे गं," म्हणाली. दोन्ही मी तसेच डब्यात टाकून ठेवले.

आपली श्रद्धा दुसऱ्या पदवीचं बोलली, तेव्हा "एक ना धड, भाराभर चिंध्या" असं तिला मीच सुनावलं होतं. तिला म्हणावं, ताईचं ऐकू नकोस, फॉर्म भर.

हेवा करायचाच, तर घरातल्या माणसाचा करीन.

तुझी,
राजनंदिनी