चाळिसाव्याचा विलाप

मानी, ३ ऑक्टोबर १९३४

ती. स्त्रातिसदादास,
कालिरोईचा सा. न. वि. वि.

पिरेयसला तुम्ही सर्व खुशाल असाल. थोरल्या पानागोसदादाला गोळी घातली त्याला महिना होत आला. लिगोरोस दाढी करत नाही. बापाचा सूड घेतल्याशिवाय वस्तरा लावणार नाही म्हणतो. एकोणीस वर्षांचे पोर ते.

मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी बायका शोक गातात, त्यात पहिला विलाप मयताच्या बहिणीचा, म्हणजे माझा. त्यात मारेकऱ्याचे नाव आले की मुलगा सूडाला उठायचाच, ही इथली रीत. त्याची आई असूनही स्तामातावहिनी त्याचीच वाट पाहते आहे. काल पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाली की आमच्या मास्तरीणबाईंना रडायलाही पुस्तक लागेल. मी हसले, पण घागर न भरताच घरी आले. काय करू ते कळव.

तुझ्या मायेची,
कालिरोई

पिरेयस, ९ ऑक्टोबर

चि. कालिरोईस अनेक आशीर्वाद.

लहानपणी कोंबडी मेली तरी तू कोपऱ्यात जाऊन रडायचीस, चारचौघांत कधी नाही. तोच स्वभाव आता कामी आण. विलाप नाकारू नकोस, नाहीतर वहिनी पुढे होऊन नाव घेईल. नाव, रक्त, बंदूक काही काढू नकोस. चाळिसावा रविवारी, त्यानंतरच्या मंगळवारच्या बोटीवर लिगोरोसची जागा केली आहे, इथे गोदीत कामही पाहिले आहे. तेवढे दोन दिवस त्याला सांभाळ.

जिवाला जप.
स्त्रातिस

मानी, १४ ऑक्टोबर, दुपार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शाळेत मी मुलींना शिकवते की ऐकणाऱ्याला रडवायचे तर जखम त्याच्या डोळ्यांपुढे धरावी. म्हणून आज मी जखम झाकली. पानागोसदादा गाढवाला पाजल्याशिवाय स्वतः पाणी पीत नसे, वहिनीवर चिडला की अंजिराच्या झाडाशी भांडत असे, एवढेच सांगितले. शेवटी म्हणाले की शेवटच्या दिवशी तो लिगोरोसचे फाटके जोडे चांभाराकडे टाकायला गेला, आणि ते अजून तिथेच आहेत.

वाटले, यात काय आहे. पण बायका ओरडायच्या थांबल्या आणि खरोखर रडू लागल्या. मयताच्या नावाने वाटायचे उकडलेल्या गव्हाचे ताट कोणी पुढे नेईना. वहिनी माझ्या गळ्यात पडली, म्हणाली की असा विलाप मलाही जमला नसता.

लिगोरोसला जोड्यांचे माहीत नव्हते. त्याने हळूच विचारले की आत्या, बाबा माझ्यासाठी त्या वाटेने गेले होते का. मी मान डोलावली. खोटे बोलायला हवे होते, सुचले नाही. तो माझा हात चुंबून म्हणाला की जोडे घेऊन येतो.

चांभाराचे घर मारेकऱ्याच्या घराण्याच्या बुरुजापलीकडे आहे, दादाला गोळी लागली ती त्याच वाटेवर. आज रविवार, चांभार दुकान उघडत नाही. पाद्रीबाबांना मी त्याच्यामागे धाडले, तेही परतले नाहीत. उंबऱ्यात बसून लिहिते आहे.

पुढच्या पत्रात काहीही असो, माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

कालिरोई