मंदाले दिलेली गुलाबाची काडी

२० जानेवारी, मंगळवार

समोरच्या मंदानं गल्लीतल्या साऱ्या बायायले हळदीकुंकवाले बोलावलं. मले नाही. काहून, तर हे गेले म्हणून. अन् आज संध्याकाळी तीच हसत फाटकात उभी!

"काकू, तुमच्या लाल गुलाबाची एक काडी द्या ना जी."

मी विधवा चालत नाही, माहा गुलाब चालते!

"घे ना वं बाई, काडीले काय तोटा?" म्हटलं.

कलमी गुलाबाच्या बुडातून रानटी फुटवा येते. नुसते काटे, लाल फुलाचं नाव नाही. एरवी खुडून फेकते मी. आज तोच कापून देला. खालचं टोक शेणात बुडवूनबी देलं. जगला पायजे ना!

"कुठं लावू जी?"

"फाटकापाशीच लाव. येणाऱ्या-जाणाऱ्यायले दिसते."

खूश होऊन गेली बिचारी. मले वाईट वाटून राहिलं का? मनात धुंडून पाहिलं. नाही वाटून राहिलं.

हा फुटवा लय जोरात वाढते. पुढच्या संक्रांतीले साऱ्या बाया नटूनथटून तिच्या फाटकातून जातीन, अन् एकेकीचा पदर काट्यात अडकन. मी गच्चीत खुर्ची टाकून चहा पीत पाहीन.