पहिला फोन मला

२२ फेब्रुवारी २०१६, सकाळी ८
जिल्ह्याहून पत्र आलं. प्रत्येक वृद्धाश्रमानं आणीबाणीचं नियोजन करून पाठवायचं. कुणाला फोन करायचा, कुणाची काय जबाबदारी, सगळं. मुदत आठ दिवस. बाकीच्यांची धांदल उडेल. माझी नाही. बारा वर्षं दूध संस्थेचा सचिव होतो. दुष्काळात जनावरं छावणीत गेली, संस्था बंद पडली, त्यात माझा काही दोष नव्हता. अध्यक्ष सुंदररावांनी त्याच इमारतीत वृद्धाश्रम काढला आणि मला मॅनेजर केलं. उगीच केलं नाही.
म्हातारी माणसं चौदा. स्टाफ तीन: मी, स्वयंपाकाच्या विमलबाई, पहारेकरी सटवा.

संध्याकाळी
नियोजनाच्या चार्टचं हेडिंग लिहून झालं. दोन रंगांत.

२४ फेब्रुवारी
नातेवाइकांचे नंबर लावून पाहिले. चौदापैकी नऊ बंद. लेकरं ऊस तोडायला गेलेली, कोण सांगलीकडं, कोण कर्नाटकात. फडात चार्जिंग कुठलं? तुळजाबाईंच्या मुलाचा, सुग्रीवचा नंबर लागला, पण तो मुकादमाचा निघाला. निरोप द्याल ना, विचारलं. म्हणाला, "म्हातारी गेल्यावर कळवा. आजारपणासाठी मी टोळीतला माणूस सोडत न्हाई."
यावर उपाय मी दहा मिनिटांत काढला. चौदाही नावांपुढं आपत्कालीन संपर्क म्हणून माझाच नंबर. चार्ट एकदम सुटसुटीत दिसतो.

१ मार्च
मुदत काल संपली. घाईनं काम बिघडतं.
स्टाफ मीटिंग घेतली. सटवा: गेट, पाणी. विमलबाई: स्वयंपाक, औषधं, प्रथमोपचार, रात्रीची देखरेख, नोंदी, धीर देणं. मी: निर्णय.
मुख्य नियम: काहीही झालं तरी पहिला फोन मला. मी सांगितल्याशिवाय १०८ ला किंवा कुठल्याही गाडीला फोन करायचा नाही. मागं विमलबाईंनी कुणाला तरी चक्कर आली म्हणून जीप बोलावली आणि भाड्यावरून अध्यक्षांनी मला चारचौघांत झापलं. पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. शिस्त लागते.
विमलबाई म्हणाल्या, "पर सायेब, त्रिंबकची जीप गावातच हाय. तुमचा फोन न्हाईच लागला तर?"
मी म्हणालो, माझा फोन लागला नाही असं कधी झालंय?
म्हणाल्या, "लई येळा."
त्यांना सिस्टीम समजायला वेळ लागेल.

९ मार्च
मॉक ड्रिल. सकाळी ११ ला घंटा वाजवली. दोन मिनिटांत चौदाच्या चौदा बाहेर! भिंत धरून चालणाऱ्या बायनाबाई सगळ्यांत पुढं. फक्त प्रत्येकाच्या हातात घागर, कळशी, निदान तांब्या तरी होता. त्यांना वाटलं टँकर आला. टँकर येऊन पाच दिवस झालेत.
टँकर नाही, असं सांगितलं तरी कुणी हलेना. तासभर उन्हात उभे. तुळजाबाई मला म्हणाल्या, "घंटा वाजवलीस म्हंजी येत आसंल की, बाबा."
वेळ मात्र उत्तम. 'ड्रिल यशस्वी' असं लिहिलं. उद्यापासून टँकरचा पाठपुरावा. रोज.

१३ मार्च
टँकरसाठी तहसीलला जायचं होतं. अर्ज टाईप व्हायचा राहिला. केजला जाऊन चार्टचं लॅमिनेशन करून आणलं. सुंदर झालंय. पुसता येतं.

१९ मार्च, सकाळी ९
नांदूरघाटला संचालकांची सभा. अध्यक्षांनी चार्ट घेऊन बोलावलंय. इतर आश्रमांनी नमुना म्हणून वापरावा, असं मीच सुचवणार आहे.

१९ मार्च, संध्याकाळी ७
सभेत फोन बंद ठेवतात. सगळेच ठेवतात. माझा विषय शेवटी निघाला. मग जेवण होतं, अध्यक्षांना नाही कसं म्हणणार? साडेतीनला फोन चालू केला. विमलबाईंचे एकवीस मिस्ड कॉल.
सव्वाबाराला टँकर आला होता. रांगेत तुळजाबाई पडल्या. विमलबाईंनी त्यांना सावलीत घेतलं, ओलं फडकं ठेवलं, मला फोन लावला. लावत राहिल्या. सटवा म्हणाला, जीप बोलवू. त्या म्हणाल्या, सायबानं नको म्हणलंय, माझं काम जाईल. दोन वाजता त्यांनीच बोलावली. आठ मिनिटांत जीप आली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि कधी पडल्या ते विचारलं. ऐकून घड्याळ पाहिलं आणि कागदावर 'आणण्यापूर्वीच मृत' असं लिहिलं.
हे सगळं सटवानं सांगितलं. विमलबाई तुळजाबाईंच्या उशाशी बसून होत्या.
मुकादमाला कळवलं. केजहून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या.
वय शहात्तर. ऊन चाळीसच्या वर. हे कुठंही झालं असतं.

२० मार्च, सकाळी ६
झोप नाही. सव्वाबारा ते दोन. पावणेदोन तास.
अहवाल लिहायला बसलो. पहिला मसुदा: 'नियोजनानुसार कार्यवाही झाली.' हे खरंच आहे. तीच तर अडचण आहे.
दुसरा मसुदा: 'कर्मचाऱ्यांकडून वाहन बोलावण्यास विलंब झाला.' विमलबाईंपुढं सहीला ठेवला. त्यांनी बोट फिरवत पूर्ण वाचला. म्हणाल्या, "लिवा, सायेब. पर ती माजा हात धरून व्हती, ते बी लिवा. पोराला सांगावा धाडला का, आसं तीनदा इचारलं तिनं. मी व्हय म्हणलं. ते बी लिवा."
कागद परत घेतला.

२० मार्च, संध्याकाळी
सुग्रीव दुपारी आला. रात्रभर ट्रकमध्ये उभा राहून, बायको आणि तान्हं लेकरू घेऊन. आईच्या चेहऱ्यावरचं फडकं बाजूला करून बराच वेळ बसला. मग बाहेर येऊन विचारलं, "सायेब, आईपाशी कोण व्हतं?"
मी म्हणालो, मीच होतो. लगेच गाडी बोलावली. काही त्रास झाला नाही त्यांना.
तोंडातून कसं निघालं, कळलं नाही. विमलबाई दारातच होत्या. वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर सुटलो असतो. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि त्या लेकराला घेऊन आत गेल्या.
सुग्रीव म्हणाला, "तुमी हायेत म्हणून आमी बिनघोर तिकडं ऱ्हायलो." आणि वाकून त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.
पाय मागं घ्यायला पाहिजे होते. घेतले नाहीत.