कव्हर काढलेला ग्राइंडर

अहो,

बाबांना अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेत आहे. वखराची पास घासून धार लावताना आड येते म्हणून त्यांनी ग्राइंडरचे कव्हर काढले होते. मी चष्मा नेऊन दिला, तर म्हणाले, “दोन मिनिटाच्या कामाले चष्मा कायले पायजे?” लोखंड कापायच्या पातळ चाकावर पास आडवी दाबली; चाक फुटले आणि तुकडा डोळ्यात गेला.

मशीनची पिन मी बोर्डातून काढली आहे. कव्हर आणि घासायचे जाड चाक बसवल्याशिवाय कोणालाही सुरू करू देऊ नका.

अमरावतीच्या शाळेत रुजू होण्याची माझी मुदत उद्या संपते. आईंनी मला न विचारता माझी बॅग रिकामी केली. उद्या दवाखान्यात तुम्ही थांबणार असाल, तर ती पुन्हा भरून घेऊन या.

प्रणाली