मायनं झाकलेलं मशीन

कुडवा, मंगळवार, संध्याकाळ

टक्. टक्. मशीन बंद केलं तरी तो आवाज कानातून जात नाही. हार्ड डिस्क अशी वाजली की समजायचं, ती जायला आली. हे मीच लोकांना सांगत फिरतो!

जुन्या कॉम्प्युटरचा मी घरी सर्व्हर केलाय, तो दिवसरात्र चालू असतो. शेजारच्या भाताच्या मिलचा कोंडा उडून बसतो म्हणून माय टीव्ही झाकते, मिक्सर झाकते. आज तिनं सर्व्हरवरही जाड चादर टाकली. मी घरी आलो तर सर्व्हरचा डबा तव्यासारखा तापलेला, आतून टक् टक्. ओरडलो. नको तेवढं ओरडलो.

आपला डेटा आपल्याच घरात पाहिजे, क्लाउड म्हणजे परक्याची कोठी, हे माझं मत. अजूनही आहे. पण बॅकअप? दुसरी कॉपी आहे, तीही त्याच डब्यात. एवढा शहाणा मी.

"असं काय हाय रे त्याच्यात?" मायनं विचारलं.

सांगावं लागलं. बाबांचा आवाज. ते होते तेव्हाचे फोन, सगळे रेकॉर्ड केलेले.

तिनं चादरीची घडी घातली. मग म्हणाली, "मले काऊन नाही ऐकवलं आजवरी?"

आवाज नुसता सांभाळत बसलो. वाजवून कधी दाखवलंच नाही.

थंड झाल्याशिवाय चालू करता येत नाही. माय समोर बसून मशीनला पदरानं वारा घालून राहिली. त्यानं डिस्क वाचत नाही. पण आज तिला काही शिकवायला मला तोंड उरलं नाही.